स्पर्न या शब्दातला पाय

बाळ नऊ दिवसांचं असताना माझी बायको वारली. त्या दिवसापासून बाळाने दूध घेतलं नाही.

मी शिक्षक आहे. वाक्यं जुळवणं हे माझं रोजचं काम. पण या दोन वाक्यांच्या पुढचं वाक्य मला बरीच वर्षं लिहिता आलं नाही. आता येतं आहे, तर सावकाश लिहितो.

तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. आमचं घर मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी, आणि मी कट्टा गावाच्या पलीकडे एका शाळेत इंग्रजी शिकवायला रोज सकाळच्या बसने जात असे. त्याच बसमध्ये मागे पाट्या घेऊन मासळी विकणाऱ्या बायका बसत. आमच्या घराण्यात सगळे होडीवरचे. मॅट्रिक झालेला मी पहिला. बायकोचं माहेरही किनाऱ्यावरचं. लग्नानंतर तिने बाजारात बसणं सोडलं, पण परसात सोडे वाळवणं काही सोडलं नाही. सोलून वाळवलेल्या कोळंबीचा वास तिच्या हातांना आणि लुगड्याला कायम असायचा. माझा शाळेचा कोट तिच्या लुगड्यांच्या दांडीवर नको म्हणून मी माजघरात दुसरी दांडी बांधून घेतली होती. त्यावर ती एकदा हसून म्हणाली, "तुमच्या कोटाक आमचो विटाळ जाता होय?"

बाळंतपणाच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. दहावीच्या वर्गात एक धडा चालू होता. त्यात 'स्पर्न' हे क्रियापद आलं. एका मुलीने अर्थ विचारला. मी सांगितलं, नाकारणे.

"सर, मग रिफ्यूज म्हणजे?"

"तेही नाकारणेच."

"आणि रिजेक्ट?"

"तेही."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "इंग्रजांकडे नाही म्हणूक इतके शब्द, आणि आपण जावा म्हटल्यावर त्यांका कळाक दीडशे वर्सां लागली!" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. पण त्या मुलीने वही मिटली नव्हती. मी तिला म्हणालो, फरक असणार, घरी कोशात बघून सांगतो. माझ्याकडे इंग्रजीचा एक जाडजूड कोश होता, शब्द कुठून आला तेही सांगणारा. बांद्याच्या एका निवृत्त कारकुनाने घर आवरताना तो मला दिला होता. त्या संध्याकाळी मी तो उघडणार होतो. घरी आलो तर सुईण आली होती, आणि कोश राहून गेला.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी बायकोला ताप भरला. मालवणहून डॉक्टर आले, सुया टोचल्या, पुन्हा येऊन गेले. ताप उतरला नाही. तशा तापातही ती मुलीला पाजत होती. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टर जाताना मला बाहेर घेऊन म्हणाले, जंतू गेले असावेत, हात, कपडे, कशातून तरी. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मी मात्र मनात घेतलं. सुईणीचे हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

आमच्याकडे रीत अशी की बाळंतीण गेली तर तिची नेसूची लुगडी घरात ठेवायची नाहीत. ती सुईणीला द्यायची आणि पुन्हा त्यांचा विषय काढायचा नाही. अशा रीतींवर माझा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सगळी लुगडी, चोळ्या, अंथरायची वाकळसुद्धा गाठोड्यात बांधली आणि सुईणीच्या हाती दिली. तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. मला ती दांडी रिकामी हवी होती. भरलेली बघवत नव्हती.

मग मी घर धुतलं. बाळाच्या संगोपनावरची एक इंग्रजी पुस्तिका मी आधीच मागवून ठेवली होती. तिच्यात लिहिलं होतं तसं केलं. कार्बोलिक साबणाने जमीन, पाळणा, दोरी, बाळाची दुपटी, माझे हात कोपरापर्यंत. शेळीचं दूध पाणी घालून उकळलं, गाळलं, निववलं. बोंडल्यात घेतलं आणि मुलीच्या ओठांशी नेलं.

तिने पाय झाडले. बोंडलं माझ्या हातातून उडालं आणि दूध माझ्या सदऱ्यावर सांडलं.

माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणत असे, बाळंतपणासाठी आली होती ती तिथेच होती. ती म्हणाली, "दी हयसर. पुरुषांचा काम न्हय ता." तिने मांडीवर घेतलं, बोंडलं लावलं. मुलीने मान फिरवली, पाय आखडले आणि पुन्हा झाडले. कापसाच्या वातीने थेंब थेंब सोडून पाहिलं. थेंब गालावरून ओघळून गेले. बंदरावरच्या एका खलाशाची बायको नुकतीच बाळंत झाली होती. सुतकाच्या घरात कुणी पाऊल टाकत नसताना ती बिचारी स्वतःहून आली, न्हाऊन, स्वच्छ कपडे नेसून. तिने छातीशी धरलं. मुलीने तिलाही लाथा मारल्या. ती बाई डोळे पुसत म्हणाली, "हिच्या अंगात जोर आहे हो मास्तर, पण दुधावर राग आहे." आणि निघून गेली.

असा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रडण्याचा आवाज बारीक झाला. टाळू खोल दिसू लागली. दिवसभरात चार-पाच चमचे पोटात गेले असतील, तेही अर्धे बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, पाजत राहा. त्यांनाही आणखी काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का चिडली. तिचं रडून झालं की ती चिडायची.

"इतकी पुस्तका वाचलंस," ती म्हणाली, "एकात तरी लिवलेला आसा काय, चेडू दूध कसा पिता ता?"

"बघितलंय," मी म्हणालो.

"मगे परत बग! बसून काय रवलंस?"

मी उठलो ते तिच्यापुढून दूर जायला. पुस्तकांच्या फळीशी उभा राहिलो. संगोपनाची पुस्तिका पाठ झाली होती. तिच्या शेजारी तो कोश होता. वर्गातली मुलगी आठवली, तिची न मिटलेली वही आठवली. घरात मूल उपाशी असताना एखादा बाप शब्दाचा अर्थ बघत बसला असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला निर्दय म्हटलं असतं. पण माणसाचे हात काही ना काही करायला बघतात. मी कोश घेऊन पाळण्यापाशी बसलो आणि तो शब्द काढला.

पहिला अर्थ मला ठाऊक होता तोच. तुच्छतेने नाकारणे. त्याच्याखाली बारीक अक्षरांत मूळ दिलं होतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पायाने मारणे. लाथेने दूर सारणे. घोडेस्वाराच्या टाचेला जी आर असते, तिचं इंग्रजी नाव याच शब्दाचं भावंड. लॅटिनमध्येही त्याचं एक भावंड, त्याचाही अर्थ झिडकारणे. आणि ओळीच्या शेवटी, रोमन अक्षरांत, एक संस्कृत धातू. स्फुर्.

मी ती ओळ तीनदा वाचली. स्फुरणे. स्फूर्ती. डोळा लवतो, दंड उडतो, त्याला आपण स्फुरण म्हणतो. इंग्रजांचा तो नाकारणारा पाय आणि हा आपला शब्द एका पोटचे? पुढे शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांना मी विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, अहो, वेदात हा धातू पायाने उडवून देणे या अर्थी येतोच की. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मला अजून वाटतं. किती हजार वर्षांपूर्वी, कुठल्या गवताळ मुलखात, कुणीतरी पाय झाडला असेल आणि बघणाऱ्याने त्या हालचालीला एक आवाज दिला असेल. तो आवाज मग एका बाजूने समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला, दुसऱ्या बाजूने ऋषींच्या तोंडी आला. आणि मी या दोन्ही भाषा शिकलो तरी मला त्यात पाय दिसला नव्हता. वर्गात मी नुसतं 'नाकारणे' सांगून मोकळा झालो होतो. आपल्या मराठीत 'लाथाडणे' म्हणतात तेही मला सुचलं नव्हतं.

मी मान वर केली. पाळण्यात माझी मुलगी पाय झाडत होती.

तीन दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ उघडतात का, घोट जातो का. पायांकडे बघितलंच नव्हतं. आता बघितलं. बोटभर पावलं. टाचा लाल झालेल्या. त्या उपाशी जीवात आवाज उरला नव्हता, पण पाय पोटाशी ओढून घ्यायचे आणि जोराने पुढे फेकायचे, हे चालू होतं. मला बायकोचा आवाज आठवला. सातव्या महिन्यात तिने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला होता. "हयसर ठेवा. लाथ मारता बगा. जन्माच्या आदीच बापाशी भांडता." तेव्हा हाताखाली जे लागलं होतं ते हेच होतं. तीच ओढ, तोच झटका. त्या वेळी आम्ही दोघं त्या लाथेने हरखून गेलो होतो.

त्या क्षणी मला देवळातही कधी वाटलं नव्हतं तसं वाटलं. मी बसल्या जागी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

मग मी बोंडल्यात दूध घेतलं आणि या वेळी पायांवर नजर ठेवली. बोंडलं तोंडापासून हातभर लांब होतं. दुधाचा थेंबही तिला लागला नव्हता. माझा हात जवळ आला आणि पाय झाडायला सुरुवात झाली. हात मागे घेतला, पाय थांबले. पुन्हा नेला, पुन्हा झाडले. ती दूध लाथाडत नव्हती. दुधाच्या आधी येणारं काहीतरी लाथाडत होती.

परसाच्या दारात शेजारीण उभी होती. पाटी घेऊन घरोघर मासळी विकणारी, वयाने माझ्या आईएवढी. सुतकामुळे ती आत येत नसे, पण रोज सकाळी दारातून विचारून जाई. "पियाला गो?" तिने आक्काला विचारलं.

आक्काने नाही म्हणून मान हलवली. मी उठून शेजारणीला जे पाहिलं ते सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली.

"हात दाखवा बगू."

मी हात पुढे केला. तिने तो नाकाशी नेला आणि झटकून सोडला.

"मास्तरानू, ह्या हाताक इस्पितळाचो वास येता. घराक पण येता. मगाधरना मी इचार करतंय, मालवणच्या दवाखान्यात इलंय काय मी!" मग ती थांबली. "आवशीचा लुगडा खंय आसा?"

"सुयणीक दिलंय."

"सगळी?"

"सगळी."

तिने कपाळावर हात मारला. "आवस नाय तर आवशीचो वास तरी होयो ना चेडवाक! नऊ दीस त्या वासात दूध पियालला ता. तुमी ता सगळा घासून काडलात. शिकलेलो माणूस, आणि ह्या तुमका कळाक नाय?"

तिच्या आईचा वास. सोड्यांचा वास. खोबरेलाचा वास. मी ज्याच्यासाठी वेगळी दांडी बांधली होती, तो.

सुईणीचं घर खाडीच्या पलीकडे, तरीच्या होडीतून जावं लागे. तरीवाल्याने सुतकी माणूस म्हणून मला टोकाला बसवलं. मी वाटेत वाक्यं जुळवत होतो आणि ती मोडत होती. जिला मी मनात दोषी ठरवलं होतं, जिच्या तोंडाकडेही बघितलं नव्हतं, तिच्याकडे मी रीत मोडायला सांगणार होतो.

ती अंगणात तांदूळ पाखडत होती. दांडीवर दोन लुगडी वाळत होती. दोन्ही मी ओळखली. धुतलेली होती.

मी तिला सगळं सांगितलं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती.

"एक आसा," ती म्हणाली. "शेवटचा. ता धुवाक माझो हात झालो नाय."

"ता माका परत देशात काय?"

"ता कसा देव, मास्तरानू? मेलेल्याच्या नावान दिलेला हातान परत देवचा नसता. तुमच्या चेडवाकच बाधात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी माझ्या हातांर राग धरलात. माका म्हायत आसा. मी पण तीन दीस ह्या हातांकडे बगतंय. मिया हात गरम पाण्यान धुतले होते. देवाशपथ धुतले होते."

मी म्हणालो, "माका म्हायत नाय काय झाला ता." ते खरं होतं. तीन दिवसांत मी पहिल्यांदा खरं बोललो असेन.

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने ते लुगडं उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं, घडी न करता, होतं तसं. "मिया हातान देवचंय नाय," ती म्हणाली. "मिया भायर टाकतंय. घराभायर टाकलेला कोणाचा नसता. ज्याका गावला त्याचा."

आणि तिने उजव्या पायाने ते लुगडं उंबऱ्याबाहेर सारलं.

हे मी पाहिलं. दोन तासांपूर्वी कोशात जे वाचलं होतं ते माझ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईच्या भेगाळलेल्या पायाने केलं. तिला वाचता येत नव्हतं. पायाने सारलेली वस्तू सुटते, तिच्यावरचा हक्क आणि बाधा दोन्ही सुटतात, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. माझ्या बायकोच्या लुगड्याला तिने पाय लावला आणि मला त्यात अपमान दिसला नाही. ती लगेच खाली वाकली, जिथे पाय लागला होता तिथे लुगड्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. मग आत जाऊन तिने दार लोटून घेतलं, म्हणजे मी उचलताना तिला दिसू नये.

मी ते उचललं. छातीशी धरलं. वास होता.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. आक्का मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि मुलगी पाय झाडत नव्हती. ती शांतता बघून माझा जीव दचकला. शेजारीण सुतकाबितकाचा विचार न करता आत येऊन बसली होती. तिने माझ्या हातातून लुगडं घेतलं, उलगडलं, मुलीला त्यात गुंडाळलं आणि पदराचं टोक तिच्या गालाशी सोडलं. "बोंडला दी गो," ती आक्काला म्हणाली. मला म्हणाली, "तुमी लांब रवा. त्या साबणाक घेवन."

मी दाराशी उभा राहिलो. काही वेळ काहीच झालं नाही. मग मुलीने तोंड पदराकडे वळवलं. नाक त्यात खुपसलं. पाय पोटाशी ओढले. पाय तसेच राहिले, झाडले नाहीत. शेजारणीने बोंडलं ओठांशी नेलं. मुलीच्या घशात एक घोट हलला. मग दुसरा.

"पियाला!" आक्का म्हणाली. "पियाला गो बाय!"

"आरडा नको," शेजारीण म्हणाली. "जेवताना माणसाक गप ठेवूचा असता." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात जराही हलत नव्हता.

पूर्ण बोंडलं संपायला अर्धा तास लागला. मी तिथेच उंबऱ्यावर बसून मुलीच्या पावलांकडे बघत राहिलो. ती आता सैल पडली होती, बोटं उघडी.

महिन्याभराने शाळेत गेलो तेव्हा वर्गातल्या त्या मुलीला मी स्पर्नचा अर्थ सांगितला. नुसता अर्थ आणि मूळ. तिने लिहून घेतलं. कुणी हसलं नाही. बहुधा सगळ्यांना घरचं कळलं होतं.

सुईण चार वर्षांनी वारली. ताप कशाने आला ते मला कधी कळलं नाही, तिलाही कळलं नसेल. आक्का गेल्या वर्षी गेली.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. ती आणि मी, आम्ही दोघं घरात असतो.